वीसपैकी वीस, पण हात पोटावर

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या अंकात मागे आमच्या भागातल्या एका सीपीआर प्रशिक्षण शिबिराचा, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन त्याला जगवायला शिकवणाऱ्या शिबिराचा, फोटो आला होता. व्यासपीठ, हार, आणि प्रमाणपत्रं छातीशी धरून उभे राहिलेले शिक्षक, सोसायट्यांचे पदाधिकारी, स्कूल व्हॅनवरच्या मावश्या. मी त्या शिबिरात मदतीला होते. फोटोत नाही, कारण तेव्हा मी मागच्या खोलीत सरावाचा पुतळा पिशवीत भरत होते. सगळे परीक्षा उत्तीर्ण झाले, असं बातमीत म्हटलं होतं. प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळाली, हे खरं आहे. परीक्षा कशाची झाली ते बातमीत नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी व्याख्यान झालं, पडद्यावर चित्रं झाली, मग वीस प्रश्नांची छापील पत्रिका वाटली. चार पर्याय, एकाला गोल करा. पत्रिका जुनीच, गावोगाव फिरणारी. तिची उत्तरं मोबाइलवर आधीच पोचली होती आणि मागच्या रांगेत ती उघड उघड पाहिली जात होती. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. बघून लिहिलं तरी निदान डोळ्यांखालून जातं. चहा यायला वेळ होता, म्हणून मी पुतळा जमिनीवर काढून ठेवला आणि म्हटलं, ज्यांना करून पाहायचं त्यांनी या. पहिले आलेले सर वीसपैकी वीसवाले. गुडघ्यावर बसले, हात एकावर एक ठेवले ते जवळजवळ बेंबीजवळ, कोपरं वाकलेली. आमच्या पुतळ्याच्या छातीत अशी सोय आहे की दाब पुरेसा खोल गेला की टक् असा आवाज येतो. सरांच्या हाताखाली तो काही येईना. "किती दाबायचं सर?" मी विचारलं. "पाच ते सहा सेंटिमीटर," ते ताबडतोब म्हणाले. उत्तर अगदी बरोबर होतं.

त्यांच्यानंतर व्हॅनवरची एक मावशी आली. तिनं पत्रिका अर्धी कोरी दिली होती. 'उरोस्थी' आणि 'संपीडन' वाचून बिचारी पुढं गेलीच नव्हती. मी तिला सांगितलं, छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेव, दुसरा हात वर ठेव, कोपरं ताठ, आणि भाकरीचं पीठ मळताना जोर काढतेस तसा खांद्यातून काढ. टक्, टक्, टक्. दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची, हेही तिला एकदाच सांगावं लागलं. कागदावर ती नापासच होती. आयोजकांनी उदार होऊन तिलाही प्रमाणपत्र दिलं, तो भाग वेगळा.

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. अपघात विभाग आणि आयसीयू यांत बरीच वर्षं गेली. शिकाऊ मुलींना आम्ही कधी तोंडी उत्तरावर सोडलं नाही. कॉटशेजारी उभं करून करायला लावलं. बाहेरच्या माणसाला मात्र आपण कागदावर पास करतो, आणि तोच माणूस उद्या बसस्टँडवर कुणीतरी कोसळल्यावर एकटा असणार आहे. तिथं ना डॉक्टर, ना सिस्टर. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. १०८ला फोन लावून गाडी निघून, पूल आणि सिग्नल पार करून यायला किती वेळ लागतो ते वाचकांनी आपापल्या रस्त्यावरून ठरवावं.

त्या पत्रिकेतले काही प्रश्न तर ज्याला खरंच येतं त्यालाच चुकवणारे. एक प्रश्न होता, मानेची नाडी कुठं पाहावी? सामान्य माणसानं नाडी शोधत बसू नये, हे सीपीआरच्या २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांपासून सांगितलं जातंय. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांतली धडधड लागते आणि तो म्हणतो, नाडी आहे. दुसरा प्रश्न, लहान मुलांसाठी दाब आणि श्वासांचं प्रमाण काय? एकटे असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास, प्रशिक्षित दोघं असतील तर १५ नंतर २. प्रश्नात एकटा की दोघं ते लिहिलेलंच नव्हतं, पर्यायांत मात्र दोन्ही होती. तिसरा, तान्ह्या बाळाची छाती कशानं दाबावी? पत्रिकेचं उत्तर, दोन बोटांनी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ मध्ये ती दोन बोटांची पद्धत काढून टाकली, कारण तेवढ्यानं पुरेसा खोल दाब जात नाही. आता दोन्ही हातांनी बाळाच्या छातीला वेढा घालून दोन अंगठ्यांनी, नाहीतर एका हाताच्या टाचेनं दाबायला सांगतात. म्हणजे ज्यानं अलीकडं शिकून घेतलं, त्याचा गुण कापला जाणार.

कागद विचारूच शकत नाही अशी गोष्ट म्हणजे ओळखणं. प्रश्नात लिहिलेलं असतं, 'रुग्ण बेशुद्ध असून श्वास घेत नाही, तर काय कराल?' इथं परीक्षकानंच निदान करून दिलं. प्रत्यक्षात माणूस कोसळतो, क्षणभर हातपाय झटकतो, लोक म्हणतात आकडी आली, आणि कुणी कांदा तर कुणी चप्पल घेऊन धावतं. मग तो आचके देतो. तोंड उघडतं, घरघर होते, परत काही सेकंद शांत. भोवतीची गर्दी म्हणते, श्वास चालू आहे, हवा सोडा, पाणी द्या. हा श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत पुष्कळांना असे आचके येतात, आणि नेमकी तीच मिनिटं पाणी शिंपडण्यात नि तळपाय चोळण्यात जातात. माझ्या हातात असतं तर परीक्षेत मी आचके देणाऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला असता आणि काहीही न विचारता नुसतं घड्याळ पाहिलं असतं. खांदे हलवून हाक मारली, प्रतिसाद नाही, श्वास नेहमीसारखा नाही. एवढं दहा सेकंदांत ठरवून हात छातीवर आले पाहिजेत. फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवता येतो, त्यासाठी थांबायला नको.

गतीचंही तसंच. मिनिटाला १०० ते १२० दाब, हे सगळ्यांना पाठ. पण आपण मराठीत मोजायला लागलो की वीसपर्यंत ठीक चालतं. पुढं एकवीस, बावीस करत अठ्ठावीस, एकोणतीसपर्यंत जिभेबरोबर हातही मंदावतात. म्हणून मी एक ते दहा तीनदा मोजायला सांगते. तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत व्हायला हवेत, सेकंदकाट्यावर पाहा. आणि परीक्षा दोन मिनिटांची घ्या, दहा दाबांची नको. पहिलं मिनिट सगळेच शूर असतात. दुसऱ्यात कोपर वाकतं, खोली कमी होते, आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा ते व्याख्यानाशिवाय कळतं. बरगडी मोडल्यासारखा आवाज आला तर काय, हे लोक मला हमखास विचारतात. म्हाताऱ्या माणसात येऊ शकतो. थांबायचं नाही.

आता मुलांकडे येते, कारण तिथं सगळ्यात मोठा घोळ आहे. शिबिरवाल्यांच्या पिशवीतून बहुतेक वेळा एकच मोठ्या माणसाचा धडाचा पुतळा निघतो. त्यावर शिकवतात आणि शेवटी म्हणतात, मुलांनाही असंच, फक्त जरा हळू. हे 'जरा हळू' अत्यंत घातक आहे. मुलाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबावी लागते, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर. तान्ह्या बाळाची साधारण चार. वेग तोच. मुलासाठी एक हात पुरत असेल तर एक, नसेल तर दोन. मोठ्या माणसाच्या मानानं हे दाबणं डोळ्यांना भयंकर दिसतं, म्हणून बाळाचा पुतळा समोर ठेवल्याशिवाय हात धजावत नाही. बाप्ये तर त्या बाहुलीला हातच लावत नाहीत, हसून बाजूला होतात.

दुसरं, मोठ्या माणसाचं हृदय बहुधा अचानक बंद पडतं, तेव्हा रक्तात थोडा प्राणवायू शिल्लक असतो. म्हणून आपल्याकडे इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी 'कॉल्स' म्हणजे केवळ छाती दाबण्याची पद्धत आणली, आणि ती मला मान्य आहे. अनोळखी तोंडाला तोंड लावायला कुणी तयार होत नाही, मग निदान दाबा तरी. पण लहान मुलाचं हृदय बहुतेक वेळा आधी श्वास कोंडल्यामुळं थांबतं. घशात शेंगदाणा अडकला, विहिरीत पडलं, शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलं. तिथं नुसते दाब पुरत नाहीत, श्वास द्यावाच लागतो. आमच्या कृष्णाकाठी बुडालेलं पोर बाहेर काढलं की त्याला उलटं धरून गरगरा फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. पाणी काढण्यात वेळ घालवू नये, सपाट, टणक जागेवर उताणं ठेवून आधी श्वास द्यावेत आणि लगेच दाब सुरू करावेत, हे पोहण्याच्या तलावावरच्या प्रत्येक जीवरक्षकाला हातानं करून दाखवता आलं पाहिजे. बाळाला श्वास देताना नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं, मान फार मागं टाकायची नाही, आणि हवा आपल्या गालात मावेल एवढीच. छाती जराशी वर आली की पुरे. हे चार पर्यायांत कसं विचारणार?

म्हणून माझ्या मते परीक्षा दोन असाव्यात. रस्त्यावरच्या कुणालाही पुरेल अशी एक छोटी: ओळखा, १०८ सांगा, दाबा, एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र लावा. आणि ज्यांच्या ताब्यात पोरं असतात, म्हणजे अंगणवाडी सेविका, व्हॅनवरच्या मावश्या, पाळणाघरवाल्या, पोहण्याचे नि खेळाचे प्रशिक्षक, त्यांची दुसरी, बाळाच्या आणि मुलाच्या पुतळ्यावर, श्वासांसकट. या लोकांना मोठ्यांच्या पुतळ्यावर पास करणं म्हणजे त्यांचीच फसवणूक.

एईडीबद्दल लिहायचं तर त्या शिबिरात यंत्र पडद्यावरच होतं. सिनेमानं आपल्या डोक्यात भरवलंय की बंद पडलेलं हृदय झटका दिला की सुरू होतं. उलट आहे. हृदय नुसतंच थरथरत असतं, रक्त ढकलत नाही, तेव्हा तो थरथराट थांबवायला झटका असतो. रेघ सरळ झाली असेल तर यंत्र झटका देतच नाही, दाब चालू ठेवा म्हणून सांगतं. त्यामुळं चुकून चांगल्या माणसाला झटका बसेल ही भीती ठेवू नये; तपासणी यंत्र करतं, आपण फक्त पट्ट्या नीट लावायच्या. एक उजव्या गळ्याच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर. 'नीट'मध्ये मात्र बरंच काही येतं. उन्हातून आलेल्या माणसाची छाती घामानं ओली असते, ती पुसायची. दाट केसांवर पट्टी चिकटत नाही, डब्यात वस्तरा असतो तो त्यासाठी. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पट्टी त्याच्यावर नको, जरा बाजूला. औषधाची चिकटपट्टी असेल तर काढून पुसून घ्या. मंगळसूत्र तोडत बसायची गरज नाही, पट्टीखाली येणार नाही असं सरकवलं की झालं.

बाईला हात लावायला लोक कचरतात, हे मला स्पष्टच लिहायचं आहे. परदेशातल्या अभ्यासांतही सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो, असं दिसलंय; आपल्याकडे वेगळं असेल असं मला वाटत नाही. पुतळे सगळे पुरुषी, सपाट छातीचे, उघडे. मी पुतळ्याला जुना ब्लाउज घालते आणि कात्री शेजारी ठेवते. पहिल्यांदा सगळे हसतात. मग कुणाला हुक सापडत नाहीत, कुणी पदराशी झटापट करतं, आणि हसू थांबतं. आतले कपडे पुरते काढायलाच हवेत असंही नाही. पट्टी उघड्या कातडीला लागेल इतकं सरकवलं तरी चालतं, असं नवी मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. दोन बायकांनी ओढणी धरून आडोसा करावा, तिसऱ्यानं दाबत राहावं.

मुलांना एईडी लावायचं की नाही, या प्रश्नावर शिबिरातल्या निम्म्या लोकांनी 'कदापि नाही'ला गोल केला होता. लावायचं. आठ वर्षांखालच्या किंवा पंचवीस किलोहून हलक्या मुलासाठी कमी शक्तीच्या वेगळ्या पट्ट्या असतात, काही यंत्रांत त्यासाठी किल्ली किंवा बटण असतं. त्या नसतील तर मोठ्यांच्याच वापरायच्या, आणि छातीवर दोन्ही एकमेकींना चिकटत असतील तर एक छातीच्या मधोमध, एक पाठीवर. मोठ्या माणसाला मात्र मुलांच्या पट्ट्या लावायच्या नाहीत, झटका अपुरा पडतो. यात आणखी एक गोंधळ आहे. दाबांच्या बाबतीत 'मूल' म्हणजे एक वर्षापासून वयात येईपर्यंत, आणि पट्ट्यांच्या बाबतीत सीमा आठ वर्षांची. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला दाब मुलासारखे आणि पट्ट्या मोठ्यांच्या. हे वाचून डोकं गरगरतं, पण दोन पुतळे आणि दोन पाकिटं समोर ठेवून दोनदा केलं की कुणालाही जमतं.

आणखी एक. मी हाताळलेली यंत्रं इंग्रजीत बोलत होती. सोसायटीत रात्री यंत्राजवळ असतो तो वॉचमन. परीक्षा अध्यक्षांची झाली, वॉचमनला कुणी बोलावलंही नाही. एका इमारतीत मी यंत्र पाहायला गेले तर ते काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी. पाकिटावरची तारीख उलटून गेलेली. पट्ट्यांवरचा चिकट थर वाळतो, बॅटरीही संपते, म्हणून तारखा पाहणं हाही परीक्षेचा भाग हवा. लाखाच्या घरातली वस्तू घेऊन ठेवायची आणि दोन पट्ट्यांसाठी अडायचं.

डेन्मार्कनं हे सगळं फार आधी मनावर घेतलं. तिथं २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून वाहन परवाना काढताना हे शिक्षण सक्तीचं झालं. २००१ मध्ये कोसळलेल्या माणसाला आजूबाजूच्यांनी सीपीआर सुरू केल्याचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१० मध्ये ते ४५च्या जवळ गेलं. महिनाभरानंतर जिवंत असणारे साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरावर पोचले. सगळं श्रेय सक्तीचं नाही, यंत्रंही वाढली, दवाखान्यातले उपचारही सुधारले. पण १२ जून २०२१ला कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिकसन सामन्यात हृदय थांबून कोसळला तेव्हा काय काय जागेवर होतं ते आपण टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडेही ६ डिसेंबर २०२३ला देशभर एकाच वेळी सीपीआर जनजागृती कार्यक्रम झाला. उत्तम. पण पाहणं ही सुरुवात. एसटीच्या वाहकाला परवान्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, कारखान्यातल्या प्रथमोपचार पेटीपाशी प्रमाणपत्रधारक माणूस असावा असं १९४८च्या कारखाने कायद्यात होतं; म्हणजे कागद मागायची सवय आपल्याला जुनी आहे. त्या कागदाआधी पुतळा दोन मिनिटं दाबून घेतला, तर फार खर्च येत नाही. आणि हे कसब तीन ते सहा महिन्यांत पुसट होतं. दोन वर्षं मुदतीचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून हात तसेच राहत नाहीत. शाळेनं दर सत्राच्या सुरुवातीला, प्रार्थनेनंतर, पाच मिनिटं पुतळा फिरवावा.

कायद्याची भीती लोक बोलून दाखवतात, म्हणून तेही. रस्त्यावरच्या वाहन अपघातात मदत करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. बाजारात, लग्नात, देवळात कोसळलेल्या माणसाला हात लावणाऱ्यासाठी तसंच नेमकं कलम असावं, असं मला वाटतं. आमदार-खासदारांनी हे पत्र वाचलं तर त्यांच्यासाठी तेवढी एक ओळ.

शिक्षणाधिकारी आणि महापालिकेच्या तरणतलाव विभागानं मनावर घेतलं तर सुरुवात इथूनच होईल. माझ्याकडे एक मोठा पुतळा आहे, बाळाचा एक ओळखीच्या नर्सिंग कॉलेजातून मिळतो, सरावाचं एईडीही उसनं आणता येतं. मिरज, सांगली, कुपवाड इथं रविवारी सकाळी मी येईन, मानधन नको. माझे गुडघे आता जमिनीवर टेकत नाहीत, तेव्हा करून दाखवायला एखादी तरुण सिस्टर सोबत आणीन. मी घड्याळ घेऊन खुर्चीवर बसेन. वॉचमन आणि मावश्यांना आधी पाठवा, पदाधिकारी नंतर आले तरी चालतील.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, मिरज